ॲम्प्लिफायर लावला आणि आवाज ‘खुलला’?

खिशात मावणारा हेडफोन ॲम्प्लिफायर मी पहिल्यांदा फोनला जोडला, तेव्हा दोन मिनिटांत माझं मत पक्कं झालं: खर्ज भरदार झाला, गाणारीचा गळा पुढे आला, वाद्यं सुटी सुटी ऐकू येऊ लागली. मग मल्टिमीटर काढला. 50 हर्ट्‌झचा एक सलग सूर लावून हेडफोनच्या तारांवरचं व्होल्टेज मोजलं. ॲम्प्लिफायरचं व्होल्टेज फोनच्या दीडपट निघालं, म्हणजे आवाज साडेतीन डेसिबलनं मोठा. दोन्हीकडे व्होल्टेज सारखं केलं आणि डोळे मिटून ऐकलं, तर कोणता कोणता ते मला ओळखता येईना.

बारीक आवाजात आपला कान खर्जाच्या बाबतीत मंद असतो. आवाज वाढवला की खर्ज मधल्या स्वरांपेक्षा झपाट्यानं वाढल्यासारखा वाटतो. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी संशोधकांनी 1933 मध्येच याचे आलेख मांडले होते. त्यामुळे थोडा मोठा आवाज आपल्याला ‘मोठा’ न वाटता ‘चांगला’ वाटतो. दुकानातल्या तुलना बहुधा इथेच फसतात.

म्हणजे ॲम्प्लिफायर हा सगळा भासच का? तसंही नाही.

एक फरक जोराचा. 32 ओहम रोधाचा (रोध म्हणजे विजेला होणारा अडथळा), 1 मिलिवॉटला 100 डेसिबल देणारा हेडफोन घ्या. फोनकडून 1 व्होल्ट मिळालं की त्यात सुमारे 31 मिलिवॉट जातात आणि आवाज 115 डेसिबलच्या घरात पोचतो. कानांची काळजी असेल तर तिथे जायचंच नाही. पण 300 ओहमच्या हेडफोनला त्याच 1 व्होल्टात जेमतेम 3.3 मिलिवॉट मिळतात. हळू आवाजात ध्वनिमुद्रित झालेलं वाद्यवृंदाचं संगीत असेल तर फोनचा आवाज शेवटापर्यंत वाढवूनही समाधान होत नाही. अशा वेळी ॲम्प्लिफायर खरंच लागतो.

दुसरा फरक मला जास्त गमतीचा वाटतो. प्रत्येक ॲम्प्लिफायरला स्वतःचाही थोडा रोध असतो. त्याला आउटपुट इम्पिडन्स म्हणतात. आणि हेडफोनवर छापलेले ‘32 ओहम’ हे काही सगळ्या स्वरांना सारखे नसतात. नेहमीच्या डायनॅमिक हेडफोनचा (चुंबकात हलणारी कॉइल ज्यात पडदा हलवते त्याचा) पडदा खर्जात एका ठिकाणी आपसूक डोलतो, तिथे रोध चढतो. समजा तो 64 झाला. ॲम्प्लिफायरचा स्वतःचा रोध 32 असेल, तर इतर स्वरांना निम्मं व्होल्टेज मिळतं आणि त्या खर्जाला दोन तृतीयांश. म्हणजे खर्ज अडीच डेसिबलनं फुगला! हा फरक कानाला सहज कळतो. ॲम्प्लिफायरचा तोच रोध 1 ओहम असेल तर फुगवटा 0.13 डेसिबलवर येतो, म्हणजे नसल्यातच जमा.

‘डॅम्पिंग’ म्हणतात ते हेच, दुसऱ्या बाजूनं पाहिलेलं. ठोका संपल्यावरही पडदा क्षणभर हलत राहतो आणि त्याची कॉइल चुंबकात हलल्यामुळे वीज तयार करते. ॲम्प्लिफायरचा रोध कमी असेल तर ही वीज सहज वाहते आणि पडद्याला ब्रेक लागतो. म्हणून हेडफोनच्या रोधाच्या एक अष्टमांशाहून कमी आउटपुट इम्पिडन्स असावा, असा एक ढोबळ ठोकताळा आहे. प्लेनर हेडफोनला, म्हणजे ज्यात वाहक तार सपाट पडद्यावरच पसरलेली असते त्याला, ही पंचाईत नाही. त्यांचा रोध जवळजवळ सपाट असतो. उलट, आत अनेक बॅलन्स्ड आर्मेचर (चिमुकली पाती हलवून आवाज काढणारे बारके स्पीकर) असलेल्या इअरफोनचा रोध स्वरागणिक इतका वरखाली होतो की चुकीच्या ॲम्प्लिफायरवर त्यांचा सगळा तोलच बदलतो.

ब्लूटूथ हेडफोनचा ॲम्प्लिफायर त्यांच्या आतच असतो, त्यामुळे बिनतारी ऐकताना बाहेरून दुसरा लावायला जागाच नाही.

माझ्या त्या खिशातल्या ॲम्प्लिफायरला थोड्याशा विजेतही मोठ्यानं वाजणारा इअरफोन जोडला, तर गाणं थांबल्यावर मागे बारीकसं ‘स्स्स’ ऐकू येतं. फोनला थेट जोडला की ते जातं.