निवेदन ऐकू येतं, पण शब्द कळत नाहीत

अमेरिकेत उन्हाळ्याच्या सुट्टीत ‘ड्रम कोअर’ नावाचा एक प्रकार रंगतो. सुमारे दीडशे तरुण मुलंमुली अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर ट्रंपेट, ट्यूबा, स्नेअर आणि बास ड्रम वाजवत, सतत जागा बदलत, प्रसंगी पळत दहा-बारा मिनिटांचा खेळ करतात. ‘ड्रम कोअर इंटरनॅशनल’ ही संस्था 1972 पासून त्यांच्या अजिंक्यपद स्पर्धा घेते. संस्थेने 2004 मध्ये ध्वनिवर्धकांना आणि 2009 मध्ये सिंथेसायझरसारख्या इलेक्ट्रॉनिक वाद्यांना परवानगी दिली, आणि खेळात निवेदकाचा आवाज शिरला. कधी प्रत्यक्ष, तर कधी आधीच ध्वनिमुद्रित केलेला. ‘कॅडेट्स’ या नामवंत पथकाच्या 2007 आणि 2008 च्या खेळांत तर एवढं बोलणं होतं की चाहत्यांमध्ये सरळ दोन तट पडले.

विरोधकांचं म्हणणं असं की संगीताने जे सांगायचं ते शब्दांकडून वदवून घेणं ही पळवाट आहे. असेलही. पण मला वाटतं, या भांडणाचं अर्धं मूळ कानात आहे. लोकांना निवेदन आवडत नाही, त्याचं एक कारण ते त्यांना नीट कळतच नाही.

बोलण्यातला जोर स्वरांमध्ये असतो आणि अर्थ बराचसा व्यंजनांमध्ये. स्वरांची ऊर्जा मुख्यतः हजार हर्ट्झच्या खाली असते. स, फ, त, थ यांचे नाजूक आवाज दोन हजार हर्ट्झच्या वर आणि स्वरांपेक्षा कितीतरी दुबळे असतात. इंग्रजीतले फेट, फेस आणि फेथ हे शब्द घ्या. शेवटचं व्यंजन गळलं की नशीब, चेहरा आणि श्रद्धा यांत फरकच उरत नाही. आता स्नेअरची फटफट आणि झांजांचा सळसळाट नेमका त्याच पट्ट्यात असतो. विसर्जन मिरवणुकीत ताशा कडकडत असताना पोलिसांच्या कर्ण्यावरून कोणीतरी काहीतरी सांगतंय एवढंच समजतं, तसंच हे.

पितळी वाद्यं आणखी त्रास देतात. हळू वाजवलेला ट्रंबोन गोल, मऊ लागतो. जोरात फुंकला की त्याला धार येते. नळीतल्या दाबाची लाट पुढे जाताना इतकी तीव्र होत जाते की तिचं आघातलहरीत रूपांतर होतं, हे हिर्शबर्ग आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये दाखवलं. म्हणजे पथक जोरात वाजवू लागलं की आवाज नुसता वाढत नाही, तो व्यंजनांच्या पट्ट्यातही घुसतो. शिवाय खालच्या पट्टीतला मोठा आवाज वरच्या पट्टीतल्या बारीक आवाजांना झाकतो. उलट दिशेने हे तितकं होत नाही. आंतरकर्णातल्या पडद्याची रचनाच तशी आहे. त्यामुळे ट्यूबांचा घोळकासुद्धा ‘स’चा शत्रू ठरतो.

मग निवेदनाचा आवाज वाढवला तर? उघड्या मैदानात थोडं भागतं. पण 2009 पासून अंतिम फेरी बहुतेक वर्षी इंडियानापोलिसच्या ल्यूकस ऑइल स्टेडियममध्ये झाली आहे, आणि त्याचं छप्पर बंद होऊ शकतं. ध्वनी सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. समोरच्या भिंतीवर आपटून 60 मीटरचा वळसा घेऊन आलेला आवाज थेट आवाजापेक्षा 175 मिलिसेकंद मागे राहतो. माणूस सेकंदाला चार-पाच अक्षरं बोलतो, म्हणजे एका अक्षराचा प्रतिध्वनी पुढच्या अक्षरावर येऊन बसतो. ध्वनिवर्धकाचं बटण कितीही फिरवा, प्रतिध्वनीही त्याच प्रमाणात वाढणार.

वादकांची अडचण निराळी. मैदानाची रुंदी 48.8 मीटर. मागच्या रेषेवरून निघालेला ठोका पुढच्या कडेला यायला 0.14 सेकंद लागतात. मिनिटाला 180 ठोक्यांच्या लयीत हा जवळजवळ अर्धा ठोका झाला. म्हणून पुढच्या कडेला मांडलेला मरिंबा-व्हायब्राफोन या पट्ट्यांवर ठोकून वाजवायच्या वाद्यांचा ताफा, ज्याला तिथे ‘पिट’ म्हणतात, समोर न बघता मागून येणारा ड्रमचा आवाज ऐकून वाजवतो. ध्वनिमुद्रित निवेदनाचे तुकडे सॅम्पलरच्या, म्हणजे साठवलेले आवाज वाजवणाऱ्या वाद्याच्या, पट्ट्यांवर चढवलेले असतात आणि पिटमधलाच एक वादक वेळेवर पट्टी दाबतो. अखंड ध्वनिफीत लावून दिली असती तर पथक जरा घाईत असलेल्या दिवशी निवेदक मागे पडला असता.

ध्वनिमुद्रणाचे फायदे मात्र खरे आहेत. मैदानातल्या मायक्रोफोनमध्ये शेजारचे ट्रंपेटही शिरतात. स्टुडिओत ते नसतात. व्यंजनांचा पट्टा आधीच उचलून ठेवता येतो, पुटपुटलेले शब्द वर आणता येतात.

एवढं करूनही निवेदन फसतं, तेव्हा मला शंका दिग्दर्शकांच्या कानांची येते. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वॉरन यांनी 1970 मध्ये एका ध्वनिमुद्रित वाक्यातलं एक व्यंजन पूर्ण कापून तिथे खोकला घातला. बहुतेक सगळ्या श्रोत्यांना शब्द अखंड ऐकू आला. अपेक्षित असलेला आवाज मेंदू स्वतःच भरून घेतो. महिनोन्‌महिने तालमी पाहिलेल्या दिग्दर्शकाला संहिता पाठ असते, त्यामुळे गोंगाटातही त्याला प्रत्येक शब्द लख्ख ऐकू येतो. स्टॅनफर्डमध्ये 1990 साली एलिझाबेथ न्यूटन यांनी काही जणांना ओळखीच्या गाण्यांचे ठोके टेबलावर वाजवायला सांगितलं. निम्मी गाणी समोरचा ओळखेल असा वाजवणाऱ्यांचा अंदाज होता. 120 पैकी ओळखली गेली फक्त तीन. वाजवणाऱ्याच्या डोक्यात सूर सुरू होता, ऐकणाऱ्यासमोर नुसती टकटक. त्यामुळे निवेदन कळतंय का, हे विचारायचंच तर ज्याने खेळ कधीच पाहिलेला नाही त्याला वरच्या रांगेत बसवून विचारावं.

शब्द कोणते निवडले, यानेही मोठा फरक पडतो. 1951 मध्ये मिलर, हाइस आणि लिक्टन यांनी गोंगाटात वेगवेगळ्या प्रकारचं बोलणं लोकांना ऐकवलं. निरर्थक अक्षरं जिथे अजिबात कळेनात, तिथेही आकडे बरोबर ओळखले जात होते, कारण पर्याय मोजकेच असतात. ‘कॅरोलायना क्राउन’ने 2013 साली पहिलं अजिंक्यपद जिंकलं, त्या खेळात संगीतकार फिलिप ग्लास यांच्या ऑपेराच्या धर्तीवर वादक तोंडाने आकडे मोजत होते. आकड्यांत चुकलेलं व्यंजन कोणीही भरून काढतो. वैचारिक परिच्छेदाला ती सवलत मिळत नाही.