आंग्र्यांचे आरमार 1756 मध्ये संपले का?

शनिवारवाडा बघायला आलेल्यांना हमखास ऐकवले जाते की नानासाहेबांनी इंग्रजांकरवी आंग्र्यांचे आरमार जाळले आणि मराठ्यांचा दर्यावरचा अंमल तिथेच संपला. पुण्याला चार शब्द ऐकवायला सगळ्यांनाच आवडते! पण यात अर्धेच खरे आहे.

मराठ्यांचे आरमारप्रमुख कान्होजी आंग्रे 1729 मध्ये वारले. पुढे मुलांमध्ये भाऊबंदकी पेटली आणि 1735 मध्ये बाजीरावांनी घर वाटून दिले: मानाजी कुलाब्याला, संभाजी विजयदुर्गाकडे. संभाजींनंतर त्यांचे भाऊ तुळाजी आले. त्यांचे पेशव्यांशी बिनसले, तेव्हा नानासाहेबांनी इंग्रजांशी करार केला, हे नाकारण्यात अर्थ नाही. फेब्रुवारी 1756 मध्ये इंग्रजांच्या हल्ल्यात विजयदुर्गाच्या खाडीत तुळाजींनीच इंग्रजांकडून पूर्वी पकडलेले एक जहाज पेटले आणि आग शेजारच्या गुराबांवर, म्हणजे मोठ्या लढाऊ गलबतांवर, पसरली. तुळाजी अखेरपर्यंत पेशव्यांच्या कैदेत राहिले.

जळाले ते एका शाखेचे आरमार. मानाजींची कुलाब्याची गादी 1840 पर्यंत टिकली. विजयदुर्ग 1756 मध्येच बाणकोटच्या बदल्यात इंग्रजांकडून पेशव्यांकडे आला, तिथे त्यांचे स्वतःचे आरमार उभे राहिले आणि 1783 मध्ये आनंदराव धुळपांनी इंग्रजांचे ‘रेंजर’ जहाज लढून पकडले.