गारगोटीचं टोक: दगड फोडायला शिकताना

लहानपणी आमच्या जुन्या घराच्या खिडकीच्या काचेला कुणीतरी छर्र्याच्या बंदुकीनं नेम धरला होता. बाहेरून बघितलं तर मुगाच्या दाण्याएवढं भोक आणि आतून बघितलं तर तेच भोक चांगलं रुपयाएवढं, मधला तुकडा उडून गेलेला. आईनं त्यावर कागद चिकटवला आणि विषय संपला. पण गेली दोन वर्षं मी दगडाची बाणाची टोकं बनवायला शिकतोय, आणि आता वाटतं की या कामातलं अर्धं शास्त्र त्या भोकातच होतं.

काच आणि गारगोटी दोघी मोडताना सारख्याच वागतात. लाकूड रेषांच्या दिशेनं चिरतं, स्लेट थराथरानं सुटते, पण काचेत ना रेषा ना थर. त्यामुळे एका बिंदूवर जोर पडला की तो आत शंकूसारखा पसरत जातो आणि भेग त्याच आकारात धावते. जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिश हर्ट्झ यांनी 1880च्या दशकाच्या सुरुवातीला दोन कठीण वस्तू एकमेकींवर दाबल्या की काय होतं याचा अभ्यास केला होता, त्यांच्याच नावानं हा शंकू ओळखला जातो. हो, ज्यांच्या नावानं आपण रेडिओच्या लहरी मोजतो तेच हर्ट्झ. काचेत ही भेग जास्तीत जास्त सेकंदाला दीडेक किलोमीटर वेगानं पळते, म्हणजे हातातला दगड टेकला ना टेकला तोवर निकाल लागलेला असतो. जे काय ठरवायचं ते फटक्याच्या आधी.

आता हाच छर्रा काचेच्या मधोमध न लागता अगदी कडेला लागला तर? पूर्ण शंकू निघणार नाही, त्याची एक फाक निघेल. बस्स, दगडाची हत्यारं बनवणं म्हणजे एवढंच, दगडाच्या कडेवरून शंकूच्या फाका काढत जायच्या. त्या फाकेला छिलका म्हणतात. ज्यातून तो निघाला तो गाभा. छिलक्याच्या आतल्या अंगाला, फटका बसला तिथं, एक छोटा फुगवटा येतो आणि तिथून पुढं शिंपल्यावर असतात तशा बारीक लाटा. नदीतले दगड आपटून आपसूक फुटतात तेव्हाही एखादा असा छिलका निघतो, पण एकाच गाभ्यावरून, एकाच कडेनं, ओळीनं दहा छिलके निघालेले दिसले की तिथं माणूस बसला होता हे कळतं.

मला हे शिकवलं आमच्या ओळखीतल्या एका काकांनी, आयुष्यभर भूगर्भशास्त्रात नोकरी केलेला माणूस. पहिल्या दिवशी मी गच्चीवर बसून अर्धा तास नुसतं ठोकत होतो आणि समोर फक्त चुरा.

"काका, हा तर फुटूनच नाही राहिला."

"फुटून राहिला ना, पण तुला पाहिजे तसा नाही. तू दगडाच्या पोटात मारून राहिला. कडेला मार, आणि मारायच्या आधी कड घास."

धार असलेली कड आधी खरबरीत दगडावर घासून बोथट करायची, हे मला तेव्हा उलटंच वाटलं. ज्याला धार आणायची त्याचीच धार मारायची? पण कारण सरळ आहे. पातळ कडेवर फटका बसला की कडच चुरते आणि जोर आत पोचत नाही. घासून ती थोडी जाड, मजबूत केली की फटका झेलते आणि जोर दगडात शिरतो. माझ्या पहिल्या दोन महिन्यांतली बहुतेक नासाडी या एका गोष्टीनं थांबली. दुसरी गोष्ट कोनाची, फटक्याची सपाटी आणि ज्या बाजूवरून छिलका काढायचा ती बाजू यांच्यातला कोन नव्वद अंशांपेक्षा कमीच पाहिजे, जास्त झाला की कितीही मारा, छिलका नाही निघत. आणि तिसरी, भेगेला उंचवटा आवडतो. दगडावर कण्यासारखी रेघ असेल तर भेग तिच्या खालून लांबवर जाते, म्हणून आधीचे दोन छिलके असे काढायचे की त्यांच्या मधे एक कणा तयार होईल, आणि तिसरा फटका त्या कण्याच्या डोक्यावर. म्हणजे दोन चाली पुढचा विचार करूनच हात उचलायचा. कॅरममध्ये सोंगटी घेतल्यावर स्ट्रायकर कुठं थांबेल हे जसं बघतो ना, तसंच.

आपल्याकडे दगडकाम म्हटलं की पाथरवट आठवतो, पाटा-वरवंट्याला टाकी लावणारे आठवतात. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात, पण ती टाकी वेगळी. तिथं दगड काळा, दाणेदार बेसाल्ट असतो, टाकी एकेक दाणा ठेचून काढते, लाखो घाव लागतात. गारगोटीला ठेचायचं नसतं. तिथं एका फटक्यात अख्खी पट्टी सुटते आणि कडेला जी धार येते ती कुठल्याही टाकीनं येणार नाही. बेसाल्टच्या हातकुऱ्हाडी महाराष्ट्रात भरपूर मिळाल्या आहेत, पण बाणाला लागणारं नाजूक काम त्या दगडात होत नाही.

मग नागपूरला गारगोटी कुठून आणायची? इथंच आपलं शहर मला फार आवडतं. दख्खनच्या लाव्ह्याची पूर्वेकडची सीमा नागपुरातच येते. सीताबर्डीची टेकडी बेसाल्टची, आणि पूर्वेला निघालं की लवकरच लाव्हा संपून त्याहून कितीतरी जुने खडक लागतात, कामठीकडे वाळूचा खडक. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी तो लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, नंतर पाण्याबरोबर आलेली सिलिका त्या पोकळ्यांत थराथरानं बसत गेली आणि तयार झाले अकीक, कॅल्सेडोनी, जास्पर. म्हणजे क्वार्ट्झच, पण इतक्या बारीक कणांचं की भेगेला ते काचेसारखं एकसंध वाटतं. दहापर्यंतच्या मापावर कडकपणा सातच्या आसपास, म्हणजे साध्या काचेवर आरामात ओरखडा पाडेल. मुरमाच्या ढिगाऱ्यात, नदीच्या गोट्यांत पांढरे, तांबूस, निळसर तुकडे दिसतात ना, तेच. लोक त्यावरून गाडी घालतात आणि मला थांबून उचलावंसं वाटतं.

पण या पोकळ्या लहान असतात. लिंबाएवढ्या, फार तर संत्र्याएवढ्या. आणि ही एक गोष्ट कळली तेव्हा माझ्या डोक्यातला बाणच बदलला. आपण इंटरनेटवर जी टोकं बघतो, त्रिकोणी, दोन्ही बाजूंनी छिलून काढलेली, खाली खाचा असलेली, ती जास्त करून अमेरिकेतली. मीही सुरुवातीला तसंच करायच्या मागं होतो. आपल्याकडे तसली टोकं क्वचितच. आपला मध्याश्मयुगातला, म्हणजे शेती यायच्या आधीच्या शिकारी माणसांचा बाण वेगळ्याच डोक्यानं बनवलेला आहे. लहान गोट्यातून लांबट, पातळ पाती काढायची, पेन्सिलच्या सालीसारखी, मग ती तोडून दोन-तीन सेंटीमीटरचे तुकडे करायचे, कुणी चंद्रकोर, कुणी त्रिकोण, कुणी चौकोनाला तिरपा काप दिलेला. ही सूक्ष्मास्त्रं. चंद्रकोरीची सरळ बाजू धारदार ठेवायची आणि गोल बाजू मुद्दाम बोथट करायची, कारण ती डिंकात रुतणार. असे तुकडे बांबूच्या किंवा लाकडाच्या काडीला खाच करून ओळीनं बसवायचे. एक निखळला तर तेवढाच बदलायचा, अख्खा बाण टाकायची गरज नाही. ब्लेड बदलायच्या कटरसारखं.

मला ही कल्पना त्या मोठ्या देखण्या टोकांपेक्षा जास्त हुशारीची वाटते, हे माझं मत. मोठा दगड नाही म्हणून अडून न बसता लहान दगडातून मोठी धार जोडून घ्यायची. मध्य प्रदेशातल्या भीमबेटकाच्या गुहाचित्रांत शिकाऱ्यांच्या बाणांना असे काटे काढलेले दिसतात. आणि उत्तर प्रदेशात प्रतापगड जिल्ह्यातल्या सराय नाहर राय इथं मध्याश्मयुगातल्या एका माणसाच्या सांगाड्यात रुतलेलं सूक्ष्मास्त्र मिळालं, म्हणजे हे बाण फक्त हरणांवर चालत नव्हते. आल्प्समध्ये 1991 साली सापडलेल्या ओट्झी नावाच्या, हजारो वर्षं बर्फात गोठून राहिलेल्या माणसाचीही अशीच गोष्ट, त्याच्या डाव्या खांद्यातलं गारगोटीचं टोक एक्सरेत दिसायला 2001 साल उजाडलं. त्याच्याजवळ एक छोटं अवजार होतं, लाकडी मुठीत शिंगाचा तुकडा बसवलेलं, खूप दिवस कुणाला कळेना हे कशासाठी. ते धार काढायचं अवजार होतं.

कारण फटक्यानं काम निम्मंच होतं. शेवटची धार दाबून काढतात. कडेवर टोक टेकवायचं, खांद्याचा जोर देऊन आत रेटायचं आणि मग किंचित खाली, टिक असा आवाज येतो आणि तळहातावरच्या चामड्यावर नखाएवढी पापडी पडते. तो आवाज नीट आला की पापडी चांगली निघाली हे न बघताच कळतं, आणि त्या आवाजाची सवय लागते. बाहेरच्या देशांत लोक यासाठी हरणाचं शिंग वापरतात. आपल्याकडे पेंच-ताडोबाच्या बाजूला सांबराची गळालेली शिंगं दिसतील, पण ती उचलू नका, 1972च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे. मी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंगच्या जाड तांब्याच्या तारेचा तुकडा घेतला आणि बाभळीच्या मुठीत ठोकला. तांबं मऊ असल्यानं कडेला चिकटून धरतं, घसरत नाही. फटक्यासाठी नदीतला गुळगुळीत गोटा, कोंबडीच्या अंड्याएवढा.

सुरुवात मात्र अकीकवर करू नका, बाटलीच्या बुडावर करा. जाड काच स्वस्त, कुठंही मिळते आणि चूक लगेच दाखवते. यात कमीपणा काहीच नाही. 1911 साली कॅलिफोर्नियात इशी नावाचा, ‘याही’ नावाच्या आदिवासी जमातीतला शेवटचा उरलेला माणूस बाहेरच्या जगात आला, तो 1916 साली क्षयानं गेला. मधल्या वर्षांत सॅन फ्रान्सिस्कोच्या म्युझियममध्ये बसून तो लोकांना टोकं बनवून दाखवायचा आणि त्यातली कितीतरी बाटलीच्या काचेची होती. दाबून धार काढायचं लांब दांड्याचं अवजार आजही त्याच्या नावानं ओळखलं जातं.

आता आगीबद्दल. आपला अकीक बरेचदा हट्टी असतो, छिलका मधेच थांबतो आणि पायरी पडते. त्यावर जुना उपाय म्हणजे दगड भाजणं. दक्षिण आफ्रिकेतल्या पिनॅकल पॉइंटच्या गुहेत तर याचा पुरावा 1 लाख 64 हजार वर्षांपूर्वीपर्यंत मागं जातो. आणि आपल्याकडे गुजरातेतल्या खंबातचे अकीकवाले आजही करतात, दगड उन्हात वाळवून मडक्यात घालून मंद आचेवर, लोहामुळे रंगही लाल होतो आणि दगड फोडायलाही सोपा होतो. तिथली फोडायची पद्धतही बघण्यासारखी आहे. लोखंडी अणकुचीदार सळई जमिनीत तिरपी रोवलेली, दगडाची कड तिच्या टोकावर टेकवायची आणि वरून म्हशीच्या शिंगाची हातोडी हलकेच मारायची, म्हणजे छिलका खालच्या बाजूनं, सळईच्या टोकाकडून सुटतो. मी घमेल्यात वाळू भरून मधे अकीकाचे तुकडे पुरले आणि गोवऱ्यांवर रात्रभर ठेवलं. अडीचशे ते चारशे अंशांच्या मधे हळूहळू जायचं आणि तितकंच हळू थंड करायचं, घाई केली की आतल्या पाण्याची वाफ होते आणि दगडाच्या अंगावरून झाकणासारखे गोल तुकडे उडतात. पहिल्या खेपेला माझे निम्मे तसेच गेले. पण जे वाचले त्यांच्या आतली चमक मेणासारखी झाली होती आणि दाबलं की पापडी लांबवर, सरळ जात होती.

खंबातचं नाव घेतलं की दुसरी गोष्ट सांगितलीच पाहिजे. तिथं अकीक घासणाऱ्या कारागिरांना सिलिकोसिस होतो, दगडाची बारीक धूळ फुप्फुसात बसते आणि ते परत बरं होत नाही. म्हणून हे काम मोकळ्या हवेत करा, वारा पाठीमागून घेऊन, चांगला मास्क लावून, आणि झाडू कोरडा मारू नका, पाणी शिंपडून गोळा करा. डोळ्यांवर चष्मा, मांडीवर जाड चामडं. छिलक्याची धार दाढीच्या ब्लेडसारखी असते आणि कापलेलं कळतं ते रक्त दिसल्यावरच. लहान मुलं आसपास असतील तर त्या दिवशी काम बंद.

नागपूरच्या आसपास ही कला कुठवर टिकली हे बघायला लांब जावं लागत नाही. जुनापाणीला शिळावर्तुळं, म्हणजे मोठे दगड गोलात मांडलेली जुनी दफनं आहेत, ती बांधणारी माणसं लोखंड वापरणारी, आणि जिल्ह्यातच नैकुंडला तर त्या काळातली लोखंड गाळायची भट्टी सापडली आहे. लोखंड आल्यावर दगडाचा बाण गेला. पण दगड फोडणारे हात लगेच गेले नाहीत, माहुरझरीला त्याच काळात अकीकाचे आणि लाल कार्नेलियनचे मणी बनत होते, आणि मणी घासायच्या आधी तो फोडूनच आकारात आणावा लागतो. म्हणजे बाण सुटला आणि हात गळ्यातल्या माळेकडे वळला. अजबबंगल्यात, म्हणजे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात गेलात तर जुन्या दगडी हत्यारांसमोर जरा जास्त वेळ उभे राहा, छिलके कुठून कुठं निघाले ते एकदा दिसायला लागलं की बनवणाऱ्यानं आधी कुठला फटका मारला आणि नंतर कुठला, तेही ओळीनं वाचता येतं.

अशा जुन्या जागांवरून मात्र एकही तुकडा उचलू नका, ना बनवायला ना ठेवायला. तिथला प्रत्येक छिलका जिथं पडलाय तिथं असल्यामुळेच बोलतो. आणि आपण फोडलेल्याचा कचराही शेतात किंवा नदीकाठी टाकायचा नाही, कारण अकीकाचा ताजा छिलका शंभर वर्षांनी कुणाला सापडला तर तो खरा की माझा हे सांगणं अवघड जाईल.

मागच्या उन्हाळ्यात माझी पहिली नीट चंद्रकोर झाली, अडीच सेंटीमीटर, तांबूस. राळ, मेण आणि थोडा गेरू मंद गरम करून लुकण केलं आणि बांबूच्या काडीत ती बसवली. काकांनी काडी उन्हात धरून फिरवून फिरवून बघितली आणि म्हणाले, "गोल बाजू अजून थोडी मार, लुकण धरून राहील." त्या दिवसाचे सगळे छिलके मी एका डब्यात भरले, वर त्याच वर्षाचं एक रुपयाचं नाणं टाकलं आणि डबा घरामागं लिंबाखाली पुरला.