निवडीआधीचे पैसे आणि निवडीनंतरचे पैसे

प्रदर्शनाला काम पाठवायचं म्हटलं की पैशांवरून वाद ठरलेला. एक बाजू म्हणते, पैसे मागणारं प्रत्येक प्रदर्शन लबाडच. दुसरी म्हणते, हल्ली सगळीकडेच पैसे लागतात, एवढं काय मनावर घ्यायचं. दोन्ही मतं इतक्यांदा ऐकली आहेत की आता एकदाचं सविस्तर लिहून टाकतो. या वादात दोन निराळे व्यवहार ‘फी’ या एकाच शब्दाखाली खपून जातात आणि त्यातला दुसरा नव्या कलाकाराचं खरोखर नुकसान करतो.

पहिला व्यवहार तुम्हाला पाठ आहे. जाहीर आवाहन निघतं, प्रवेशिका भरायची, कलाकृतीचे फोटो जोडायचे, प्रवेश शुल्क भरायचं आणि वाट बघायची. परीक्षक थोडी कामं घेतात, बरीचशी नाकारतात. लंडनच्या रॉयल अकॅडमीचं 1769 पासून एकही वर्ष न चुकता भरत आलेलं उन्हाळी प्रदर्शन असंच चालतं. ऑस्ट्रेलियात व्यक्तिचित्रांसाठी 1921 पासून दिला जाणारा आर्चिबाल्ड पुरस्कार याच जातीचा. लिव्हरपूलचा जॉन मूर्स चित्रकला पुरस्कार 1957 मध्ये सुरू झाला. तिथे परीक्षकांना चित्रकाराचं नाव न कळवता चित्रं दाखवली जातात. 1967 मध्ये तो डेव्हिड हॉकनीला मिळाला.

दुसरा व्यवहार असा. तुम्ही काहीही पाठवलेलं नसताना, किंवा फार तर इंटरनेटवर दोन-चार चित्रं टाकलेली असताना, पत्र येतं: अभिनंदन, आमच्या समितीने आपली निवड केली आहे. खाली प्रदर्शनाचं भारदस्त नाव, परदेशातल्या शहराचं नाव, आणि तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात सहभाग शुल्क. ते कधी कलाकृतीमागे असतं, कधी भिंतीच्या लांबीवर, कधी कॅटलॉगच्या पानावर. कधी आधी प्रवेशिकाही मागवतात, तीही फुकट, आणि हे फुकट असणंच लोकांना विश्वासाचं वाटतं. ‘अर्ज करायला काहीच पडलं नाही, म्हणजे माणसं सचोटीची असणार.’ गल्लत होते ती नेमकी इथे.

कोण किती पैसे मागतो याआधी एक प्रश्न विचारा. तुम्हाला नकार दिला तर आयोजकाचं काय जातं?

प्रवेश शुल्क सगळ्यांकडून आणि निवडीआधी घेतलेलं असतं. तुमचं चित्र घेतलं काय आणि नाकारलं काय, आयोजकाच्या गल्ल्यात तेवढीच रक्कम राहते. म्हणून तो मोकळ्या मनाने ‘नाही’ म्हणू शकतो. परीक्षेची फी नापास झालं तरी परत मिळत नाही, आणि म्हणूनच पास होण्याला किंमत असते. हेही तसंच आहे. सहभाग शुल्क मात्र ‘हो’ म्हटलं तरच हाती पडतं. तिथे प्रत्येक नकार म्हणजे आयोजकाचं नुकसान. भिंत रिकामी राहिली तर भाडं त्याच्या अंगावर येतं. अशा ठिकाणी समितीवर कितीही मोठी माणसं बसवा, निवड टिकत नाही. माणसं वाईट असतात असं नाही, हिशेबच तसा बांधलेला असतो. ज्याचं पोट होकारावर चालतं त्याच्याकडून नकाराची अपेक्षा धरता येत नाही, आणि जिथे नकार शक्य नाही तिथे निवड झालेलीच नसते.

नकार खरा असला तर तो कोणालाही मिळू शकतो. 2018 मध्ये बँक्सी या, ओळख लपवून काम करणाऱ्या जगप्रसिद्ध भित्तिचित्रकाराने दुसऱ्याच एका टोपणनावाने रॉयल अकॅडमीच्या उन्हाळी प्रदर्शनाला काम पाठवलं आणि ते नाकारलं गेलं, असं त्याने स्वतःच जाहीर केलं. पुढे संयोजक ग्रेसन पेरी यांच्याकडून त्याला बँक्सी म्हणून विचारणा झाली आणि त्याचं काम भिंतीवर लागलं. या गोष्टीवरून अकॅडमीला हसणारे बरेच भेटतात. मला त्यात दुसरंच महत्त्वाचं वाटतं: अनोळखी नावाने, शुल्क भरून आलेल्या कामाला तिथे ‘नाही’ म्हटलं जातं. सहभाग शुल्कावर चालणाऱ्या प्रदर्शनात तेच अनोळखी नाव अभिनंदनाच्या पत्रासकट आत गेलं असतं.

फरकाचा दुसरा अर्धा भाग दार उघडल्यानंतर दिसतो, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. विक्रीतल्या हिश्शावर चालणाऱ्या गॅलरीला तुमचं काम विकलं जाणं गरजेचं असतं, म्हणून ती ग्राहकांना बोलावते, संग्राहकांना फोन करते, चित्र नीट प्रकाशात लावते. हिस्सा अर्ध्यापर्यंत जातो म्हणून कलाकार कुरकुरतात, पण त्या हिश्शामुळेच गॅलरी तुमच्या बाजूला उभी असते. सहभाग शुल्क घेणाऱ्याची कमाई मात्र उद्घाटनाच्या आधीच पूर्ण झालेली असते. त्याचे खरे ग्राहक तुम्ही, पाहुणे नव्हेत. म्हणून अशा उद्घाटनांना बहुतेक वेळा सहभागी कलाकार आणि त्यांचे नातेवाईकच दिसतात, एकमेकांचे फोटो काढत. ‘आम्ही विक्रीवर एक पैसाही घेत नाही’ हे वाक्य ते जाहिरातीत अभिमानाने छापतात. मला ते वाक्य दिसलं की मी पुढचं वाचत नाही.

पैसे भरून भिंत घेण्यात मुळात काहीच कमीपणा नाही. 1884 मध्ये पॅरिसमध्ये स्वतंत्र कलाकारांची संस्था उभी राहिली ती ‘ना परीक्षक, ना पारितोषिक’ हे ब्रीद घेऊन. ‘सालों’ या पॅरिसच्या जुन्या, प्रतिष्ठित प्रदर्शनाने नाकारलेलं चित्रकार जॉर्ज सुराचं नदीकाठच्या स्नानाचं मोठं चित्र त्याच वर्षी स्वतंत्रांच्या पहिल्या प्रदर्शनात लागलं. 1917 मध्ये न्यूयॉर्कच्या स्वतंत्र कलाकारांच्या संस्थेनेही तोच नियम ठेवला: 6 डॉलर भरा, काम लावा. ‘आर. मट’ अशी सही असलेलं मुतारीचं भांडं कलाकृती म्हणून आलं तेव्हा संचालकांनी ते प्रदर्शनात लावलं नाही, आणि ते पाठवणारा कलाकार मार्सेल द्युशाँ, जो स्वतः संचालक मंडळावर होता, राजीनामा देऊन बाहेर पडला. निवड करणार नाही असं सांगून पैसे घेतले असतील तर निवड करायची नाही, इतका तो करार सरळ होता. आज गॅलरी भाड्याने घेऊन स्वतःचं प्रदर्शन भरवणारे, वर्गणी काढून सहकारी तत्त्वावर जागा चालवणारे कलाकार हाच सरळ व्यवहार करतात आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. माझा राग आहे तो भाड्याच्या पावतीवर ‘निवड’ असा शिक्का मारण्यावर. भाडं देताय हे माहीत असलं तर तुम्ही घासाघीस करता, जागा बघून येता, तारखा विचारता. ‘निवड झाली’ असं ऐकलेला माणूस यातलं काहीच करत नाही. तो कृतज्ञ असतो, आणि त्या कृतज्ञतेपोटी तो दुप्पट पैसे भरतो.

बाकीचे फरक फार डोकं लावण्यासारखे नाहीत. प्रदर्शन ऑनलाइन की प्रत्यक्ष, प्रमाणपत्र छापील की ईमेलवर, समूह मोठा की छोटा, यावरून काही ठरत नाही. नावातल्या ‘आंतरराष्ट्रीय’ला तर काडीची किंमत देऊ नका, तो शब्द वापरायला कोणाची परवानगी लागत नाही. पुरस्काराची रक्कम रोख आहे की तुमची कलाकृतीच त्या पैशांत आयोजकांच्या संग्रहात जाणार आहे, एवढं मात्र आधी वाचा. दुसऱ्या प्रकारात तुम्ही चित्र विकताय, तेव्हा ती किंमत मान्य आहे का ते बघा. आणि प्रतिमांचे हक्क कायमचे लिहून मागणारी अट दिसली तर प्रवेशिका भरू नका.

मधल्या पट्टीतली काही प्रकरणं गोंधळात टाकतात, त्यांचंही बघू. काही जुन्या संस्था प्रवेश शुल्क घेतात आणि निवड झाल्यावर चित्र लावण्याचे थोडे पैसे वेगळे घेतात. दुसरी रक्कम पहिलीच्या आसपास असेल तर काळजीचं कारण नाही, कारण संस्थेचा गाडा नाकारलेल्यांसकट सगळ्यांच्या शुल्कावर चालतो. दुसरी रक्कम पहिलीच्या अनेक पट असेल तर पहिली फक्त दिखाव्यापुरती आहे असं समजा. उलट्या बाजूने प्रवेश शुल्काचाही गैरवापर होतो. दर महिन्याला नवी ऑनलाइन स्पर्धा, शेकडो सन्माननीय उल्लेख, परीक्षकांची नावं गुलदस्त्यात. इथे नकार शक्य असतो, पण काम खरंच कोणी पाहिलं का याची खात्री नसते. म्हणून परीक्षकांची नावं आवाहनातच जाहीर झालेली असावीत हा माझा आग्रह आहे, निकालानंतर नव्हे. गेल्या वर्षीच्या सहभागी कलाकारांची यादी काढा, त्यातल्या दोघा-तिघांना लिहा आणि एकच गोष्ट विचारा: तुमच्या ओळखीच्या कोणाला इथून नकार आला आहे का?

सगळ्यात जास्त माणसं फसतात ती मोठ्या नावाच्या सावलीत. व्हेनिसची बिएनाले, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारं मोठं कलाप्रदर्शन, 1895 पासून भरते. तिच्या मुख्य प्रदर्शनासाठी क्युरेटर, म्हणजे प्रदर्शनाची आखणी करणारा, कलाकारांना निमंत्रण देतो, आणि राष्ट्रीय दालनांतले कलाकार त्या त्या देशाकडून ठरतात. अर्ज आणि शुल्क भरून या दोन्हींत शिरता येत नाही. पण त्याच महिन्यांत त्याच शहरात कोणीही एखादी जुनी वास्तू भाड्याने घेऊन प्रदर्शन भरवू शकतो आणि पत्रात ‘बिएनालेच्या काळात व्हेनिसमध्ये’ असं लिहू शकतो. वाक्य खरं असतं, वाचणारा ‘बिएनालेमध्ये’ असं वाचतो. ब्रिटनच्या टर्नर पुरस्काराचंही तसंच: 1984 पासून दिला जाणारा हा पुरस्कार नामांकनावर चालतो, स्वतःची प्रवेशिका पाठवून तिथे पोचता येत नाही. अशा नावांच्या जवळपास कोणी शुल्क मागत असेल, तर तो त्या नावाचा माणूस नाही एवढं नक्की.

राहिला परिचयपत्राचा प्रश्न. माझं मत ठाम आहे. भाड्याने घेतलेल्या भिंती ‘स्वतः आयोजित’ म्हणून लिहा, परीक्षकांनी निवडलेली प्रदर्शनं वेगळ्या यादीत लिहा, आणि सहभाग शुल्क भरलेली प्रदर्शनं परीक्षकांनी निवडलेल्यांच्या यादीत घुसडू नका. निवड समितीवर बसणाऱ्यांना सहभाग शुल्कावर चालणाऱ्या प्रदर्शनांची नावं ओळखू येतात. दहा ओळींत अशा सात असल्या तर उरलेल्या तीन खऱ्या ओळींकडेही ते त्याच नजरेने बघतात.