पादचारी डोके-आघात चाचणी

मोटारीच्या धडकेत पायी चालणाऱ्याचे डोके बॉनेटवर आपटल्यास कितपत इजा होईल, हे मोजण्याची प्रयोगशाळेतील पद्धत. भारतात ती एआयएस-१०० (ऑटोमोटिव्ह इंडस्ट्री स्टँडर्ड) या मानकानुसार होते. बेळगाव सीमाभागाला सर्वांत जवळची मोठी चाचणी संस्था म्हणजे पुण्याची एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया).

चाचणीत माणसाचा पूर्ण पुतळा लागत नाही. १६५ मिमी व्यासाचा, वरून रबरासारखी कातडी चढवलेला गोळा उभ्या गाडीच्या बॉनेटवर ताशी ३५ किमी वेगाने सोडतात. मुलाच्या डोक्यासाठी तो ३.५ किलोचा असतो व आडव्या पातळीशी ५० अंशांत येतो, प्रौढासाठी ४.५ किलो व ६५ अंश. गोळ्याच्या आत तिन्ही दिशांतला वेगबदल मोजणारा प्रवेगमापक असतो; त्याच्या नोंदीतून, जास्तीत जास्त १५ मिलिसेकंदांच्या कालावधीत, एचआयसी (हेड इंज्युरी क्रायटेरियन) हा डोक्याच्या इजेचा निर्देशांक काढतात. बॉनेटच्या दोन-तृतीयांश भागात तो १००० च्या आत आणि उरलेल्या भागात १७०० च्या आत हवा.

सगळा खेळ बॉनेटखालच्या मोकळ्या जागेचा आहे. गोळ्याचा वेग एकसारखा घटत तो ७ सेंमीत थांबला तर एचआयसी सुमारे ५७० येतो, ३ सेंमीतच थांबला तर तोच २००० वर जातो. पत्रा मऊ असूनही गाडी नापास होते ती बहुधा बिजागरी, वायपरची धुरी, फेंडरची कड आणि सस्पेन्शनच्या टोकाजवळ. तिथे पत्रा दबायच्या आतच खाली कठीण लोखंड लागते. म्हणून गॅरेजात मापापेक्षा उंच बॅटरी बसवणे किंवा बॉनेटखाली जादा हॉर्न ठोकणे निरुपद्रवी नाही.

त्याहून घातक म्हणजे बंपरपुढे बसवलेला लोखंडी पाइपांचा गार्ड. निपाणी, संकेश्वर, काकतीवरून जाणाऱ्या पुणे–बंगळूर महामार्गावर ऊसतोड कामगार, शाळकरी मुले, आषाढीच्या दिंड्या पायी रस्ता ओलांडतात, आणि याच रस्त्यावरच्या जीपगाड्यांना असे गार्ड दिसतात. लहान मुलाचे डोके बॉनेटपर्यंत पोहोचतच नाही, आधी पाइपवर आदळते. पाइप दबत नाही. चाचणी कंपनीतून आलेल्या गाडीची असते, गार्ड लावलेल्या गाडीची नव्हे. त्यामुळे कागदावरचा उत्तीर्ण शेरा अशा गाडीला लागू पडत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना या गार्डांवर कारवाई करण्यास कळवले.

बॉनेटचा हा नियम पुढची काच व तिच्या दोन्ही बाजूंच्या खांबांना लागू नाही. उंच माणसाचे डोके बरेचदा तिथेच आदळते, ही या चाचणीची मोठी उणीव आहे.