मिलोये वासिच आणि विंचाची पांढर

बेलग्रेडजवळ डॅन्यूब नदीच्या उजव्या तीरावर विंचा हे गाव आहे. तेथील टेकाडाला सर्बियन भाषेत ‘बेलो ब्रदो’, म्हणजे पांढरी टेकडी, म्हणतात. जुन्या वस्तीच्या जागेला ‘पांढर’ म्हणणाऱ्या आपल्या कानांना हे नाव ओळखीचे वाटावे. मातीची घरे पडत गेली, त्याच जागी नवी उभी राहिली, आणि या क्रमातून सुमारे नऊ-दहा मीटर जाडीचे थर साचले. १९०८ साली येथे उत्खनन सुरू करणारे मिलोये वासिच (१८६९–१९५६) हे सर्बियातील शास्त्रशुद्ध पुरातत्त्वाचे जनक मानले जातात.

वासिच यांचे शिक्षण अभिजात ग्रीक कलेच्या अभ्यासाचे होते. म्युनिकमध्ये ते ग्रीक कलेचे जर्मन अभ्यासक आडोल्फ फुर्टवेंगलर यांच्या हाताखाली शिकले. ग्रीक कलशाच्या घाटावरून आणि नक्षीवरून त्याचा काळ सांगता येतो, कारण तुलनेसाठी काळ ठाऊक असलेले नमुने हाताशी असतात. हीच पद्धत त्यांनी विंचाला लावली. तेथील मृण्मूर्ती, मानवी चेहऱ्यांची झाकणे आणि हिंगूळ पाहून त्यांना एजियन, म्हणजे ग्रीसभोवतालच्या समुद्राकाठच्या, जगाची आठवण होत गेली, आणि अखेरीस विंचा ही इसवी सनपूर्व सहाव्या शतकाच्या सुमारास वसलेली आयोनियन ग्रीकांची वसाहत होती, असे मत त्यांनी ठामपणे मांडले. परंतु दोन वस्तूंमधील साम्य त्यांचे वय सांगत नाही.

वय सांगितले ते कार्बनने. सजीव मेला की त्याच्यातील कार्बन-१४ची भर थांबते आणि साधारण ५,७३० वर्षांत तो निम्मा उरतो. या मापाने विंचातील प्रमुख वस्ती इसवी सनपूर्व ५३०० ते ४५०० या काळातील, म्हणजे नवाश्मयुगीन, ठरली. वासिच यांचा अंदाज चार हजारांहून अधिक वर्षांनी चुकला होता.

तरीही विंचाचा अभ्यास त्यांच्यावाचून पुढे सरकत नाही, आणि मला त्यांचे खरे मोठेपण येथेच दिसते. पहिले महायुद्ध आणि पैशांची चणचण यांमुळे काम वारंवार थांबले. १९२९ नंतर इंग्लंडमधील वृत्तपत्रमालक सर चार्ल्स हाइड यांच्या मदतीने ते पुन्हा जोमाने सुरू झाले. या साऱ्या वर्षांत वासिच प्रत्येक वस्तू किती खोलीवर सापडली ते नोंदवत राहिले; अशा टेकाडात सहसा जितके खोल, तितके जुने. ते नैसर्गिक थरांऐवजी ठरावीक जाडीने खोदत, त्यामुळे जुने खड्डे वेगळे ओळखणे अवघड झाले, ही उणीव खरीच. पण खोलीच्या त्या आकड्यांवरूनच फ्रीडरिश होल्स्टे, व्लादिमीर मिलोयचिच आणि मिलुतिन गाराशानिन यांनी विंचा संस्कृतीचे टप्पे पाडले. अलीकडे संशोधकांनी त्याच उत्खननातील जपून ठेवलेल्या हाडांची कार्बन-तपासणी केली आणि प्रत्येक हाड टेकाडात कोठे होते हे ठरवण्यासाठी वासिच यांनी लिहिलेली खोलीच वापरली.