गोळा कुणाच्या हातात?

माझे आजोबा रेल्वेत होते. बडोद्यात दांडिया बाजारातल्या घरी संध्याकाळी त्यांच्याभोवती बसलं की डभोईच्या छोट्या गाडीचा विषय हमखास निघे. गायकवाड सरकारने १८६२ मध्ये डभोई ते मियागाम रूळ टाकले, तेव्हा डबे ओढायला बैल होते! मला मात्र खरी गोडी होती ती गोळ्याची. एकेरी रुळावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून स्टेशनमास्तर ड्रायव्हरला एक गोळा देई. ज्याच्याकडे गोळा, त्याचीच गाडी पुढच्या स्टेशनापर्यंत जाणार. बाकीच्यांनी थांबायचं.

संगणकातलं लॉक म्हणजे हाच गोळा. आजच्या प्रोसेसरमध्ये अनेक कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे भाग, एकाच वेळी काम करतात. दोघांनी मेमरीतली एकच यादी एकदम बदलायला घेतली, तर नोंदी हरवतात, कधी यादीच तुटते. म्हणून आधी लॉक घ्यायचं, यादी बदलायची, लॉक सोडायचं. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये अशा अगदी छोट्या कामासाठी स्पिनलॉक असतं. ते मिळालं नाही, तर कोअर झोपत नाही, जागच्या जागी फिरत ‘मिळालं का, मिळालं का’ विचारत राहतो.

मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यासाठी मी तापमान मोजणाऱ्या कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड लिनक्सकडून चालवून घेणारा प्रोग्रॅम, लिहिला होता. आठ-दहा दिवसांनी एकदा मशीन गोठे. पडद्यावर काही नाही, लॉगमध्ये काही नाही. माझ्या टेबलावर तर ते कधीच गोठलं नाही.

कारण असं होतं. कार्डाकडे नवं माप तयार झालं की ते इंटरप्ट देतं. इंटरप्ट म्हणजे स्टेशनातली घंटा: हातातलं काम जसंच्या तसं टाकून आधी तिच्याकडे जायचं आणि तिचं पुरतं निस्तरल्याशिवाय मागे फिरायचं नाही. माझा साधा कोड लॉक घेऊन यादी वाचत होता, आणि त्याच क्षणी त्याच कोअरवर घंटा वाजली. घंटेचा कोड तेच लॉक मागू लागला. लॉक ज्याच्याकडे, तो घंटा संपेपर्यंत अडकलेला. घंटा लॉक मिळेपर्यंत अडकलेली. घंटा दुसऱ्या कोअरवर वाजली असती, तर काही मायक्रोसेकंद थांबून सगळं सुरळीत झालं असतं. म्हणून तर दोष इतके दिवस दडून राहिला.

तो सापडला लॉकडेपमुळे. इंगो मोल्नार यांनी लिहिलेलं हे साधन २००६ मध्ये लिनक्सच्या २.६.१८ आवृत्तीत आलं. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बांधताना ते चालू केलं की कोणतं लॉक कुठे, कशानंतर, घंटा बंद असताना की चालू असताना घेतलं, याची ते वही ठेवतं. तेच लॉक एकदा इंटरप्टमध्ये आणि एकदा इंटरप्ट चालू ठेवून घेतलेलं दिसलं, की ते इशारा देतं. अपघात घडायची गरजच नाही. दोन्ही वाटा एकेकदा चालून झाल्या की पुरे. मला हे साधन मनापासून आवडतं. महिनोन्‌महिने वाट पाहूनही जे दिसलं नसतं, ते त्याने पहिल्याच दिवशी दाखवलं.

उपाय एका ओळीचा वाटला. लॉक घेताना त्या कोअरवरचे इंटरप्ट बंद करायचे आणि सोडताना पूर्वी जसे होते तसे करायचे. ‘पूर्वी जसे होते’ हे महत्त्वाचं. आपल्याला बोलावणाऱ्याने ते आधीच बंद ठेवले असतील, तर आपण परस्पर चालू केल्याने त्याचा कोड उघडा पडतो. यासाठीच स्पिन-लॉक-आयआरक्यू-सेव्ह ही वेगळी सोय आहे.

ती ओळ बदलली आणि पुढच्या चाचणीत दुसरा इशारा आला. त्याच लॉकच्या आत मी यादीसाठी नवी मेमरी मागत होतो. मेमरी शिल्लक नसेल तर अशी मागणी झोपू शकते, म्हणजे ती मोकळी होईपर्यंत थांबून राहू शकते, आणि स्पिनलॉक हातात असताना झोपायची बंदी आहे. ही चूक पहिल्यापासूनच होती. मग मेमरी लॉकच्या आधी मागून घेतली आणि आत फक्त ती यादीत जोडण्याचं काम ठेवलं.

भाची संगणक शिकते. मी बदललेल्या ओळी वाचून ती म्हणाली, “मामा, एवढ्याशा ओळींना तीन रात्री?”

“ओळींना नाही गं,” मी म्हणालो, “त्या यादीला आणखी कोण कोण हात लावतं, ते शोधायला.”

मग आम्ही दोघांनी ड्रायव्हरमधली यादीला शिवणारी प्रत्येक जागा वहीत उतरवली. एकूण सात निघाल्या. त्यातल्या एका ठिकाणी लॉकच नव्हतं.